पायथनमध्ये फाइल वाचणं-लिहिणं आणि त्यासाठी मॉड्यूल लोड करणं: वर्गात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात संध्याकाळच्या वर्गाला येणारी मंडळी तऱ्हेतऱ्हेची असतात. हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांत स्टोअर सांभाळणारे, कळमन्यात अडत्याकडे हिशेब लिहिणारे, शिवाय इंजिनिअरिंगची पोरं. प्रश्न मात्र बहुतेक तेच ते येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. आज्ञा देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, कारण वर्गात आणि फोनवर त्या अशाच सांगितल्या जातात. टाइप करताना अर्थातच रोमन लिपी. सगळी उत्तरं पायथन ३ साठी आहेत.

फाइल वाचायला कोणतं मॉड्यूल (तयार कोडची फाइल) लोड करावं लागतं?

कोणतंच नाही. 'ओपन', 'प्रिंट' आणि 'इनपुट' ही तिन्ही फंक्शनं पायथन सुरू झालं की हाताशी असतात. तरीही प्रोग्रामच्या डोक्यावर 'इम्पोर्ट आयओ' लिहिण्याची सवय बऱ्याच जणांना असते, आणि ती येते जुन्या धड्यांतून. पायथन २ मधल्या साध्या 'ओपन'ला एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये कोणत्या पद्धतीनं साठवली आहेत ते, सांगायची सोयच नव्हती. ती हवी असेल तर 'आयओ डॉट ओपन' किंवा 'कोडेक्स डॉट ओपन' वापरावं लागे. डिसेंबर २००८ मध्ये ३.० आलं तेव्हा आयओ मॉड्यूलमधलं 'ओपन' हेच साधं 'ओपन' झालं. आज दोन्ही एकच आहेत. पायथन २ चा पाठिंबा १ जानेवारी २०२० ला संपला, पण त्या काळातले व्हिडिओ आणि पीडीएफ अजून फिरताहेत.

मग मॉड्यूल लागतं तरी केव्हा?

फाइलच्या आतल्या मजकुराला काही ठरावीक रचना असेल तेव्हा. स्वल्पविरामांनी तोडलेला तक्ता असेल तर 'सीएसव्ही', जेसन असेल तर 'जेसन'. फाइलचा पत्ता जुळवायला 'पाथलिब'. कमांडसोबत दिलेली नावं घ्यायला, किंवा स्टँडर्ड इनपुट, आउटपुट आणि एरर या तीन नळांना थेट हात लावायला 'सिस'. हे सगळं पायथनसोबतच येतं, वेगळं इन्स्टॉल करायचं नाही.

एक्सेलची खरी फाइल, म्हणजे एक्सएलएसएक्स, वाचायची असेल तर 'ओपनपायएक्सएल' बाहेरून आणावं लागतं. ती फाइल मुळात झिप केलेली असते. 'ओपन'नं मजकूर म्हणून उघडली तर कचरा दिसेल किंवा एरर येईल. नाव बदलून शेवटी सीएसव्ही लावलं म्हणून ती सीएसव्ही होत नाही. हे स्टोअरवाल्या मंडळींना दर बॅचला सांगावं लागतं.

'इम्पोर्ट सीएसव्ही' म्हटल्यावर नेमकं काय होतं?

हे एकदा नीट समजून घ्या, पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

पायथन आधी 'सिस डॉट मॉड्यूल्स' या यादीत पाहतं. ते मॉड्यूल पूर्वीच लोड झालं असेल तर तेच तुमच्या हातात ठेवतं आणि काम संपतं. नसेल तर शोध सुरू होतो. पहिल्यांदा पायथनच्या पोटातच असलेली मॉड्यूल तपासली जातात. त्यांत नसेल तर 'सिस डॉट पाथ'मधले फोल्डर एकेक करून पाहिले जातात. तुम्ही स्क्रिप्ट चालवता तेव्हा या यादीत पहिला नंबर असतो तुमच्या स्क्रिप्टच्या फोल्डरचा. स्टँडर्ड लायब्ररी, म्हणजे पायथनसोबत येणारी मॉड्यूल, त्यानंतर येते आणि पिप या साधनानं बाहेरून आणलेलं सामान आणखी नंतर.

फाइल सापडली की ती वरपासून खालपर्यंत चालवली जाते. हो, चालवली जाते. तुमच्याच दुसऱ्या फाइलमध्ये मोकळ्यावर 'प्रिंट' किंवा 'इनपुट' लिहिलं असेल तर इम्पोर्ट करताक्षणी तेही चालतं. म्हणूनच असा भाग 'इफ नेम इज मेन' या अटीखाली ठेवायचा असतो, ती फाइल थेट चालवली तरच खरी ठरते.

"सर, इम्पोर्ट सीएसव्ही होऊनच नाही राहिलं. काहून?"

पहिला उलट प्रश्न: तुमच्या फाइलचं नाव काय आहे? दहातल्या बऱ्याच वेळा उत्तर येतं, 'सीएसव्ही डॉट पीवाय'. धडा सीएसव्हीचा, म्हणून फाइलचं नावही तेच. आता वर पाहिलं तसं, पहिला नंबर तुमच्या फोल्डरचा. पायथनला तुमचीच फाइल सापडते, ते तीच लोड करतं आणि तिच्यात सीएसव्ही वाचणारं 'रीडर' काही मिळत नाही. एरर येते की मॉड्यूल अर्धवट लोड झालंय आणि त्यात 'रीडर' नावाचं काही नाही, बहुधा सर्क्युलर इम्पोर्टमुळे. 'सर्क्युलर' वाचून मुलं भलतीकडेच शोधत बसतात. ३.१३ पासून पायथन सरळ सांगतं की तुमच्या फाइलचं नाव स्टँडर्ड लायब्ररीतल्या मॉड्यूलसारखं आहे, ते बदला.

हीच गंमत 'जेसन' आणि 'रँडम' या नावांची. 'सिस' मात्र पायथनच्या पोटातच आहे, आणि 'आयओ' सुरुवातीलाच लोड झालेलं असतं. त्यामुळे या नावांच्या फाइली केल्यात तर उलटं होतं: तुमचीच फाइल कधी लोड होत नाही आणि तुम्ही तिच्यात बदल करकरून थकता.

उपाय एकच, नाव बदलणं. 'दर_वाचा', 'पावती_लिहा' असं कामाचं नाव द्या. सोबत, पायथन मॉड्यूलच्या तयार प्रती ठेवतं तो 'पायकॅश' फोल्डरही पुसा असा सल्ला मिळतो, पण त्याची गरज नाही. मूळ फाइल नसेल तर पायथन ३ त्या फोल्डरमधली प्रत वापरत नाही.

पिपनं इन्स्टॉल केलं, तरी 'मॉड्यूल नॉट फाउंड' येतं.

एकाच लॅपटॉपवर दोन-तीन पायथन असतात आणि पिप त्यातल्या एकाचं असतं, प्रोग्राम दुसऱ्यावर चालतो. विंडोजवर 'पीवाय डॅश एम पिप इन्स्टॉल ओपनपायएक्सएल' असं लिहा आणि प्रोग्रामही 'पीवाय'नंच चालवा. म्हणजे दोघं एकाच घरचे. व्हीएस कोडमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात कोणतं पायथन निवडलंय तेही पाहा.

दुसरं कारण नावाचं. इन्स्टॉल करायचं नाव आणि इम्पोर्ट करायचं नाव एकच असेल असं नाही. 'पिलो' इन्स्टॉल होतं, इम्पोर्ट होतं 'पीआयएल'. 'पायवायएएमएल' इन्स्टॉल होतं, इम्पोर्ट होतं 'वायएएमएल'.

'फ्रॉम ओएस इम्पोर्ट स्टार' लिहिल्यापासून 'ओपन' बिघडलं.

बिघडणारच. ओएस मॉड्यूलमध्ये 'ओपन' नावाचं आणखी एक फंक्शन आहे, खालच्या पातळीवरचं, आणि त्याला दुसरा आर्ग्युमेंट म्हणून 'फ्लॅग्ज' लागतात. स्टार लावला की ते तुमच्या साध्या 'ओपन'वर येऊन बसतं. मग एरर येते की 'फ्लॅग्ज' दिले नाहीत, आणि तुम्ही तर फ्लॅग्ज हा शब्द आयुष्यात लिहिलेला नसतो. पायथनच्या अधिकृत ट्युटोरियलमध्येही याबद्दल ताकीद दिलेली आहे. स्टार फक्त टर्मिनलवर खेळून पाहताना लावा, फाइलमध्ये नको.

फाइल समोर दिसते, पायथन म्हणतं नाही. हे कसं?

नुसतं 'दर.सीएसव्ही' लिहिलं तर पायथन ते तुमच्या स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये शोधत नाही, टर्मिनल ज्या फोल्डरमध्ये उभं आहे तिथे शोधतं. इम्पोर्टचा नियम एक आणि 'ओपन'चा दुसरा, इथे सगळ्यांचा घोळ होतो. स्क्रिप्टशेजारचीच फाइल हवी असेल तर 'पाथलिब'मधून 'पाथ' घ्या आणि 'पाथ(फाइल) डॉट पेरेंट'ला नाव जोडा. त्यातल्या 'फाइल'च्या आधी आणि नंतर दोन-दोन अंडरस्कोर.

विंडोजवर पत्ता पूर्ण लिहिला तरी आणखी एक खड्डा आहे, आणि आपल्या जिल्ह्यात तो जरा जास्तच खोल आहे. पायथनमध्ये उलट्या तिरप्या रेघेपुढे काही विशिष्ट रोमन अक्षरं आली की त्यांचा वेगळा अर्थ होतो. डी ड्राइव्हवर तालुकावार फोल्डर केलेत, सगळी नावं रोमन छोट्या अक्षरांत, असं समजा. 'काटोल' बिनबोभाट उघडेल, फार तर नव्या पायथनमध्ये वॉर्निंग येईल. 'नरखेड' आणि 'नागपूर' एननं सुरू होतात. रेघ अधिक एन म्हणजे नवी ओळ, त्यामुळे फाइलच्या नावात मधेच ओळ तुटते आणि 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' असं उत्तर मिळतं. 'रामटेक'मध्ये आर म्हणजे कॅरेज रिटर्न, 'भिवापूर'मध्ये बी म्हणजे बॅकस्पेस. 'उमरेड' तर प्रोग्राम सुरूच होऊ देत नाही: रेघ अधिक यू दिसलं की पायथनला पुढे युनिकोडचा आकडा हवा असतो, तो मिळाला नाही की सिंटॅक्स एरर. नागपूर मोठ्या एननं लिहून सुटका होईल म्हणाल तर तीही नाही, मोठ्या एनचा अर्थ आणखी वेगळा आहे आणि तिथेही सिंटॅक्स एरर येते.

सरळ तिरपी रेघ (/) वापरा, म्हणजे तारखेत घालतो ती. विंडोजवरही पायथनला ती चालते. किंवा अवतरणचिन्हाआधी 'आर' लावा.

मराठी मजकूर वाचताना कचरा येतो किंवा 'चारमॅप'ची एरर येते.

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच.

फाइलमध्ये अक्षरं नसतात, बाइट असतात. यूटीएफ-८ या युनिकोडच्या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'नागपूर'मध्ये न, काना, ग, प, ऊकार आणि र अशी सहा चिन्हं, म्हणजे अठरा बाइट. आता विंडोजवर 'ओपन'ला एन्कोडिंग सांगितलं नाही, तर पायथन विंडोजला विचारतं की तुमच्याकडे काय चालतं. आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजचं नेहमीचं उत्तर असतं १२५२, पश्चिम युरोपीय भाषांसाठीचा तक्ता. त्यात एक बाइट म्हणजे एक अक्षर. मग अठरा बाइटचं 'नागपूर' अठरा भलत्याच चिन्हांचं होऊन येतं: तिरपी खूण असलेला रोमन ए, त्यापुढे चार टोकं फुटलेलं वर्तुळ, मधेच येनचं चिन्ह. एरर नाही, नुसता कचरा.

मग कधी कचरा आणि कधी एरर, असं का? त्या १२५२च्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत. पायमोड्या अक्षरासाठी जो हलन्त लागतो, त्याचा तिसरा बाइट, ८डी, नेमका अशा रिकाम्या जागेवर पडतो. ए, ऐ, झ, ऱ्हस्व उकार आणि चंद्रबिंदू यांचंही तेच. नागपूर जिल्ह्यातल्या चौदा तालुक्यांची यादी करून पाहा. काटोल, नरखेड, सावनेर, पारशिवनी, रामटेक, मौदा, कामठी, उमरेड, भिवापूर, हिंगणा, नागपूर शहर: यांत असं चिन्ह एकही नाही, सगळी निमूटपणे कचरा होऊन येतात. कळमेश्वरच्या 'श्व'मध्ये हलन्त आहे, 'नागपूर ग्रामीण'च्या 'ग्रा'मध्येही आहे, आणि कुहीत ऱ्हस्व उकार आहे. तिथे पायथन 'चारमॅप'ची एरर देऊन थांबतं. यादीऐवजी 'संत्री' हा एकच शब्द असलेली फाइल उघडली तर एरर म्हणते की जागा ११ वरचा ८डी हा बाइट वाचता येत नाही. मोजून पाहा, मोजणी शून्यापासून. स, अनुस्वार आणि त यांचे नऊ बाइट, मग हलन्ताचा तिसरा बाइट बरोबर अकराव्या जागी.

लहान फाइल असेल तर गोंधळ आणखी वाढतो. कळमेश्वर दहाव्या ओळीत असलं तरी एरर पहिल्याच ओळीला येते, कारण पायथन एकेक ओळ न आणता मोठा तुकडा उचलून एकदम उलगडतं. पहिल्या ओळीत खोट शोधत बसू नका.

इलाज इतकाच: ओपन("दर.सीएसव्ही", एन्कोडिंग="यूटीएफ-८"). वाचताना आणि लिहिताना, दोन्ही वेळा, प्रत्येक वेळा. "माझ्या लिनक्सवर तर न लिहिता चालतं" हे खरं, कारण तिथे सहसा यूटीएफ-८च असतं. पण तुमचा प्रोग्राम ऑफिसच्या विंडोजवर जाणार असतो. ३.१५ पासून सगळीकडे यूटीएफ-८ हेच मूळ धरायचं, असं पायथनच्या पेप ६८६ (भाषेतल्या बदलाचा प्रस्ताव) मध्ये ठरलं आहे. पण ऑफिसच्या मशीनवरचं पायथन कोण आणि केव्हा अपडेट करणार? तेव्हा लिहायची सवय सोडू नका. कुठे लिहायचं राहिलंय हे शोधायला ३.१० पासून 'डॅश एक्स वॉर्न डीफॉल्ट एन्कोडिंग' हा पर्याय आहे, तो लावला की प्रत्येक विसरलेल्या जागेवर वॉर्निंग मिळते.

'एरर्स=इग्नोर' लावून पुढे जाणारे लोकही भेटतात. एरर जाते आणि सोबत अक्षरंही जातात. हिशेबाच्या फाइलवर हे करू नका, एवढंच म्हणेन.

एक्सेलमधून काढलेल्या सीएसव्हीत 'तालुका' हा कॉलम आहे, पण 'की एरर' येते, म्हणजे असा कॉलमच नाही म्हणतं.

एक्सेलमध्ये 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडून सेव्ह केलं की फाइलच्या अगदी सुरुवातीला न दिसणारी एक खूण बसते, बीओएम. साध्या यूटीएफ-८नं वाचलं तर ती पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटते. स्क्रीनवर 'तालुका' दिसतं, आत मात्र एक चिन्ह जास्त असतं. वाचताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या, खूण गळून पडते. ती नसेल तरीही चालतं. तुम्ही लिहिलेली फाइल पुढे एक्सेलमध्ये डबल क्लिकनं उघडली जाणार असेल तर लिहितानाही हेच द्या, नाहीतर एक्सेल मराठीचा कचरा करतं.

एक्सेलमधला नुसता 'सीएसव्ही, कॉमा डिलिमिटेड' हा पर्याय मराठीसाठी कधीच निवडू नका. तिथे देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं सेव्ह होतात. कचरा परत फिरवता येतो, प्रश्नचिन्हं नाही.

लिहिलेल्या सीएसव्हीत एकाआड एक रिकामी ओळ येते.

'ओपन'मध्ये 'न्यूलाइन' बरोबर रिकामी अवतरणं द्या. ओळ संपल्याची खूण सीएसव्ही मॉड्यूल स्वतः लिहितं आणि विंडोजवर 'ओपन' त्यात भर घालतं, म्हणून दुप्पट होते.

ऑफिसच्या जुन्या फाइलीत मराठी आहे, पण कोणतंही एन्कोडिंग दिलं तरी रोमन अक्षरंच दिसतात.

ती बहुधा कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. तिथे फाइलमध्ये खरोखरच रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरीचे आकार दाखवतो. एन्कोडिंग बदलून इथे काही हाती लागत नाही. त्या फॉन्टसाठीचं युनिकोड कन्व्हर्टर वापरून आधी मजकूर बदलून घ्या, आणि मग डोळ्यांनी तपासा. ऱ्हस्व इकार आणि रफार इकडेतिकडे सरकलेले सापडतात. एकाच संस्थेच्या फाइलींत दोन-तीन फॉन्ट मिसळलेले असले तर काम वाढतं, त्याला इलाज नाही.

स्क्रीनवर मराठी नीट छापलं जातं, पण टर्मिनलवर बाण (>) लावून फाइलीत वळवलं की एरर.

विंडोजच्या खिडकीत छापताना पायथन ३.६ पासून थेट युनिकोड वापरतं. आउटपुट फाइलीकडे वळवलं की पुन्हा तोच १२५२चा तक्ता पुढे येतो. प्रोग्रामच्या सुरुवातीला 'इम्पोर्ट सिस' करून 'सिस डॉट एसटीडीआउट डॉट रीकॉन्फिगर(एन्कोडिंग="यूटीएफ-८")' लिहा, ३.७ पासून चालतं. जुन्या पॉवरशेलमधला बाण त्यावर आणखी स्वतःचं डोकं चालवतो आणि फाइल यूटीएफ-१६ मध्ये लिहितो. माझ्या मते बाणाच्या भानगडीतच पडू नये. 'विथ ओपन' लिहून फाइल स्वतः लिहावी. 'विथ'मुळे मधे एरर आली तरी फाइल बंद होते. फक्त 'डब्ल्यू' मोडमध्ये उघडताक्षणी जुना मजकूर पुसला जातो, एक ओळही लिहिण्याआधी. जुनं राखायचं असेल तर 'ए', आणि फाइल आधीच असेल तर थांबायचं असेल तर 'एक्स'.

मॉड्यूलमध्ये बदल केला, नोटबुकमध्ये जुनंच चालतं.

ती 'सिस डॉट मॉड्यूल्स'ची यादी. दुसऱ्यांदा इम्पोर्ट केलं तरी फाइल पुन्हा वाचली जात नाही. 'इम्पोर्टलिब डॉट रीलोड' वापरा. 'फ्रॉम दर_वाचा इम्पोर्ट बेरीज' असं लिहिलं असेल तर रीलोडनंतर ती ओळही पुन्हा चालवावी लागते, नाहीतर 'बेरीज' जुनीच राहते. कंटाळा आला तर कर्नल, म्हणजे नोटबुकमागे चालणारं पायथन, रीस्टार्ट करा. मी तेच करतो.

'प्रिंट' केलेलं उशिरा का दिसतं?

आउटपुट खिडकीऐवजी फाइलीकडे किंवा दुसऱ्या प्रोग्रामकडे जात असेल तर ते साठवून एकदम पाठवलं जातं. लगेच हवं असेल तर 'फ्लश=ट्रू'.

देवनागरी आकडे आणि मराठी नावं चालतात का?

चालतात. 'इंट'ला "१२०" दिलं तर १२० मिळतात, वेगळं काही लोड करावं लागत नाही. "१,२०,०००" मात्र चालत नाही, आधी स्वल्पविराम काढा. उत्तर छापताना आकडे इंग्रजीच येतात, ते देवनागरीत हवे असतील तर 'ट्रान्सलेट' वापरावं लागतं.

व्हेरिएबलला 'पेट्या' किंवा 'वजन' असं नाव देता येतं, हलन्त आणि मात्रांसकट. एकच अडचण 'साऱ्या', 'कोऱ्या' अशा शब्दांतल्या अर्ध्या र ची. काही कीबोर्ड तो लिहिताना मधे न दिसणारं जोडचिन्ह घालतात, आणि पायथन २००डी हे न छापता येणारं चिन्ह आहे म्हणून अडून बसतं. दिसायला दोन्ही शब्द तंतोतंत सारखे. अशा वेळी ती ओळ पुसून दुसऱ्या कीबोर्डवरून ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन लिहा, किंवा सरळ दुसरं नाव घ्या. हे बंधन फक्त नावांना आहे. अवतरणांच्या आतल्या मजकुरात ते चिन्ह खुशाल असू द्या, फक्त तिथे 'साऱ्या' शोधताना एक सापडेल आणि एक सुटेल.